आर्ट थेरपीच्या नावावर आम्ही फसलो. बेळगाव भागातल्या आईबापांनी वाचावं

छत्तीस हजार रुपये गेले, त्याचं दुःख आहेच. वडगावात चार यंत्रमागांवर घर चालतं आमचं. पण आर्ट थेरपिस्ट म्हणवणाऱ्या एका बाईनं माझ्या सासूबाईंवर आळ घेतला आणि मी तो खरा मानला, ते मला जास्त लागलंय. म्हणून लिहितेय.

गेल्या वर्षी पावसाळ्यात खानापूर रोडला मामंजींच्या दुचाकीला टेम्पोनं ठोकरलं. मागं माझा नऊ वर्षांचा मुलगा बसला होता. त्याला नुसतं खरचटलं, मामंजी जागेवर गेले. तेव्हापासून पोराचं बोलणं बंद. रात्री दचकून उठायचा, अंथरूण ओलं व्हायचं. शाळेतल्या बाई म्हणाल्या, मानसोपचाराच्या डॉक्टरांना दाखवा.

आधी एका समुपदेशकांकडं गेलो. माणूस चांगला, पण बोलणं कन्नड आणि इंग्रजीतून. आमचं पोर मराठी शाळेतलं, कन्नड त्याला दुकानात सामान आणण्यापुरतं येतं. मी मध्ये बसून सांगत होते, आणि आपलं दुखणं आईच्या तोंडून ऐकत तो आणखीच मिटत गेला. त्याच आठवड्यात फोनवर जाहिरात दिसली. मराठीतून आर्ट थेरपी, म्हणजे चित्रं काढून मनावरचा उपचार; चित्राला भाषा लागत नाही. सीमाभागात राहणाऱ्याला हे वाक्य कुठं जाऊन लागतं, ते बाहेरच्याला कळायचं नाही. मी त्याच दिवशी फोन केला.

टिळकवाडीत भाड्याचा फ्लॅट, भिंतीवर इंग्रजी सर्टिफिकेटं. नंतर कळलं, ती सगळी दोन-दोन दिवसांच्या ऑनलाइन कोर्सची होती. ‘एकवीस दिवसांत पोरगं बोलायला लागेल’ म्हणाली. वीस बैठकांचे ३१,५०० आगाऊ, वर ‘थेरपी किट’चे ४,५००. त्या किटमध्ये ऑइल पेस्टल आणि ड्रॉइंगचे कागद होते, खडेबाजारात चारशेला मिळतात तेच. पैसे फोनवरून तिच्या स्वतःच्या खात्यावर टाकले. पावती मागितली तर ‘व्हॉट्सॲपवर पाठवते’. ती आलीच नाही. अपघात कसा झाला, पोर झोपतो किती, खातो काय, यातलं तिनं काहीच विचारलं नाही. मला तेव्हाच खटकायला हवं होतं. उलट डॉक्टरकडं जाऊ नका, गोळ्यांनी मेंदू बधिर होतो म्हणाली, आणि मी ऐकलं.

तिसऱ्या बैठकीनंतर तिनं मला आत बोलावून एक चित्र दाखवलं. पानभर काळा आकार, दोन्ही बाजूंना हात, चेहरा नाही. म्हणाली, ‘घरातल्या वयस्कर बाईची याला भीती आहे. काळा म्हणजे दडपण. चेहरा काढला नाही, म्हणजे तिच्याकडं बघायलाही घाबरतो.’ घरात वयस्कर बाई एकच. आदल्या आठवड्यात दूध सांडलं म्हणून सासूबाई त्याच्यावर ओरडल्या होत्या. मी तेवढ्यावर सगळं जुळवलं. त्यांना म्हटलं, आत्या, काही दिवस त्याला जवळ घेऊन झोपू नका. नवरा जाऊन दोन महिने झालेल्या बाईच्या कुशीतून मी नातू काढून घेतला. त्या काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी पिशवी भरून येळ्ळूरला भावाकडं गेल्या.

दहाव्या बैठकीला ‘कुटुंबाची ऊर्जा शुद्ध करायला’ आणखी पंधरा हजार मागितले. नाही म्हटल्यावर फोन बंद, फ्लॅटला कुलूप.

दिवाळीनंतर धारवाडला डिमहान्समध्ये, म्हणजे मानसिक आजारांच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या मानसशास्त्रज्ञ मॅडमनी पहिला तासभर आम्हालाच विचारलं, पार अपघाताच्या आधीपासूनचं. मग पोरासमोर कागद आणि खडू ठेवले. काय काढ ते सांगितलं नाही, छान म्हटलं नाही, घाई केली नाही. चौथ्या खेपेला त्यानं तोच काळा आकार काढला. मॅडमनी त्यांच्या धारवाडी वळणाच्या मराठीत एवढंच विचारलं, ‘हे काय आहे रे?’ बऱ्याच वेळानं तो म्हणाला, ‘रेनकोट.’

मामंजींचा काळा रेनकोट. त्या दिवशी पाऊस होता, पोर मागून त्यांना धरून बसलं होतं. मागं बसलेल्याला पाठच दिसते, चेहरा नाही.

मॅडमनी मग मला नीट समजावलं. असल्या धक्क्याची आठवण लहान मुलाकडं बऱ्याचदा गोष्टीसारखी सलग नसते. रंग, आवाज, ओला स्पर्श असे तुकडे असतात, त्यांना शब्द नसतात. कागदावर आलं की ते त्याच्या बाहेर येतं. मग तो त्याच्याकडं बघू शकतो, खोडू शकतो, त्यात भर घालू शकतो, आणि सोबत भरवशाचं माणूस बसलेलं असतं. चित्र सुंदर होणं हा हेतूच नव्हे. अमुक रंगाचा अमुक अर्थ असलं कोष्टक कुणी दाखवलं तर उठून यायचं; चित्र ज्यानं काढलं, अर्थ त्यालाच विचारायचा.

त्या बाईनं मला ही पाच हजार वर्षांची विद्या म्हणून सांगितलं होतं. मी नंतर वाचलं, तर आर्ट थेरपी हा शब्द १९४२ साली एड्रियन हिल या इंग्रज चित्रकारानं वापरात आणला. सॅनेटोरियममध्ये क्षयातून बरा होताना तो स्वतः चित्रं काढायचा, मग इतर रुग्णांनाही शिकवायला लागला. ब्रिटनमध्ये आज नोंदणी नसेल तर कुणाला स्वतःला आर्ट थेरपिस्ट म्हणवून घेता येत नाही. आपल्या गल्लीत पाटी लावणाऱ्याला कोण विचारतं? आपणच विचारायचं. शिक्षण कुठं झालं, किती वर्षांचं, कुणाच्या देखरेखीखाली काम केलं. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणत असतील तर भारतीय पुनर्वास परिषदेचा नोंदणी क्रमांक मागा, तो तपासता येतो. पॅकेजचे पैसे आगाऊ देऊ नका. आणि तुमच्या मुलाची चित्रं कुठं ठेवणार, कुणाला दाखवणार, हे पहिल्याच दिवशी विचारा. मराठीतूनच बोलायचं असेल तर टेली-मानस या मानसिक त्रासासाठीच्या फोनसेवेचा १४४१६ हा सरकारी नंबर फुकट आहे, तिथं भाषा निवडता येते. मला तो आधी माहीत असता तर!

पैसे गेल्या गेल्या १९३० ला, ऑनलाइन फसवणुकीची तक्रार घेणाऱ्या सरकारी नंबरला, फोन करायचा असतो. आम्ही दोन महिन्यांनी केला. ग्राहक आयोगात तक्रार दिली आहे, त्याला दोन वर्षांची मुदत असते. पावती नसल्यानं बँकेचा उतारा आणि व्हॉट्सॲपवरचं बोलणं जोडलंय.

सासूबाईंना मी स्वतः येळ्ळूरला जाऊन आणलं. पाया पडले तेव्हा ‘पोरगं बोलतंय न्हवं आता?’ एवढंच म्हणाल्या. तो बोलतोय, थोडं थोडं. रात्री त्यांच्याजवळच झोपतो.

निपाणीच्या माझ्या बहिणीला त्या बाईच्या इन्स्टाग्रामवर ते चित्र सापडलं. आम्हाला न विचारता टाकलेलं, खाली पोराचं वय आणि ‘आजीच्या भीतीतून मुक्त झालेला मुलगा’. आम्ही तीनदा रिपोर्ट केलं, अजून तिथंच आहे. पानभर काळा आकार, चेहरा नसलेला. तुम्हाला कुठं दिसला तर कृपा करून तुम्हीही रिपोर्ट करा.