स्तरित खडकांचा नमुनासंच : चांगला, पण चुनखडकाच्या खणात डोलोमाइट

पुण्यात राहून मुलांना स्तरित खडक शिकवणे अवघड जाते, कारण पर्वतीपासून सिंहगडापर्यंत कुठेही दगड उचलला तरी तो लाव्हा थिजून झालेला बेसॉल्टच निघतो. म्हणून सहावीतल्या मुलीसाठी अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका शैक्षणिक साहित्याच्या दुकानातून आठ नमुन्यांचा संच साडेसहाशे रुपयांना आणला.

वालुकाश्माचा तुकडा उत्तम आहे. दहापट भिंगाखाली त्यातला कण न् कण वेगळा दिसतो आणि नखाने घासले की चार-दोन कण बोटाला लागतात. शेलचे, म्हणजे चिखल दाबला जाऊन झालेल्या खडकाचे, पापुद्रे सुटतात. त्यावर तोंडाची वाफ सोडली की ओल्या मातीचा वास येतो. पिंडाश्मातले (गोटे एकत्र चिकटून झालेल्या खडकातले) गोटे गुळगुळीत असल्यामुळे ते पाण्याबरोबर बरेच अंतर घरंगळत आले असावेत, हे मुलीने न विचारता सांगितले, आणि माझ्या मते एवढ्यासाठीही संच घेण्यासारखा आहे.

तक्रार आहे ती ‘चुनखडक’ अशी चिठ्ठी लावलेल्या नमुन्याबद्दल. विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकला (हे काम मोठ्यांनीच, डोळ्यांना चष्मा लावून करावे), तरी त्यावर काहीच झाले नाही. मग आमच्या जुन्या स्वयंपाकघरातून निघालेल्या शहाबादी फरशीच्या तुकड्यावर तोच प्रयोग केला. ही फरशी मूळची कर्नाटकातल्या कलबुर्गी जिल्ह्यातली आणि जातीने चुनखडकच. तिच्यातल्या कॅल्शियम कार्बोनेटवर आम्ल पडताच कार्बन डायऑक्साइडचे बुडबुडे फसफसून वर आले. संचातला नमुना चाकूने खरवडून त्याच्या भुकटीवर थेंब सोडला, तेव्हा कुठे बारीक बुडबुडे दिसू लागले. अखंड दगड थंड आम्लाला दाद देत नाही, पण भुकटी हळूहळू फसफसते, ही डोलोमाइटची ओळख आहे. त्यात कॅल्शियमबरोबर मॅग्नेशियमही असते. दिसायला दोन्ही सारखेच करडे असल्याने नुसत्या नजरेने ओळखणाऱ्याची फसगत होणारच.

दुकानात जाऊन हे दाखवले, तेव्हा ‘दोन्ही एकच’ असे उत्तर मिळाले, आणि ते मला पटले नाही. शिवाय माहितीपत्रकात एकाही नमुन्याचे मूळ ठिकाण दिलेले नाही, ही उणीव मला चुकीच्या चिठ्ठीहूनही मोठी वाटते. खडक कोठून आला हे ठाऊक नसेल, तर तो कोणत्या समुद्राच्या वा नदीच्या गाळातून झाला हे मुलांना सांगणार कसे?

संच जरूर घ्यावा, मात्र त्याबरोबर फरशीवाल्याकडून शहाबादीचा एक तुकडा मागून आणावा.