सेट-टॉप बॉक्सच्या रेकॉर्डिंगमधून आवाज काढणे : आठ महिन्यांच्या वापरानंतर

फ्री डिशचा साधा बॉक्स, त्याला लावलेला ३२ जीबीचा पेन ड्राइव्ह आणि कॉम्प्युटरवर एफएफएमपेग, म्हणजे कमांड लिहून चालवायचा ऑडिओ-व्हिडिओचा फुकट प्रोग्राम. टीव्हीवरची कीर्तनं, पोवाडे, गाण्याच्या मैफिली उतरवून त्यातला नुसता आवाज काढायला आठ महिने एवढंच वापरतोय. काम उत्तम होतं. फक्त फाइल हातात आली की लगेच एमपी३ करायला घेऊ नका. आवाज आधी आहे तसा बाहेर काढा.

बॉक्स जी टीएस फाइल (चित्र आणि आवाज एकत्र असलेलं रेकॉर्डिंग) बनवतो, तिच्यातला आवाज मुळातच दाबलेला असतो. एफएफएमपेगसोबत येणाऱ्या एफएफप्रोबने, म्हणजे फाइलच्या आत काय आहे ते दाखवणाऱ्या प्रोग्रामने, उघडली की बहुतेक वेळा दिसतं : एमपी२ (एमपी३च्या आधीचा प्रकार), ४८,००० हर्ट्झ, स्टिरिओ, १९२ केबीपीएस. त्याचं थेट एमपी३ केलं की दाबलेलं पुन्हा दाबलं जातं आणि पहिला मार बसतो तो टाळ-झांजेला. खणखणीत आवाजाची नुसती सळसळ उरते. व्हीएलसी या प्लेअरचं तयार ‘ऑडिओ एमपी३’ प्रोफाइल १२८ केबीपीएस आणि ४४,१०० हर्ट्झवर लावलेलं असतं. ते बदलल्याशिवाय गाण्याला वापरू नका. भाषणाला, बातम्यांना चालतं.

एफएफएमपेगमध्ये इनपुट फाइलच्या नावानंतर ‘डॅश व्हीएन’ आणि ‘डॅश सी कोलन ए कॉपी’ एवढंच लिहायचं. पहिल्याने चित्र गळतं, दुसऱ्याने आवाज न उलगडता जसाच्या तसा उचलला जातो. १९२ केबीपीएसचा एक तास म्हणजे साधारण ८६ एमबी. आउटपुटला एमपी२ एक्स्टेन्शन द्या. आत एएसी हा दुसरा प्रकार निघाला किंवा खात्री नसेल तर एमकेए एक्स्टेन्शन द्या, त्यात जवळजवळ कोणताही आवाज बसतो.

पेन ड्राइव्ह फॅट३२ या पद्धतीने फॉरमॅट केलेला असेल तर ४ जीबीला फाइल संपते. काही बॉक्स तिथं नवा तुकडा सुरू करतात, काही रेकॉर्डिंगच थांबवतात. तुकडे असतील तर आवाज काढण्याआधी जोडा. विंडोजच्या ‘कॉपी स्लॅश बी’ने टीएस फायली एकामागे एक चिकटवल्या तरी चालतात, कारण ती १८८ बाइटच्या पॅकेटांची सलग रांग असते. आधी आवाज काढून मग जोडलात तर सांध्यावर ‘टक्’ ऐकू येतं. पॅकेटांच्या याच रचनेमुळे मध्येच लाईट गेली तरी तोवरचं रेकॉर्डिंग शाबूत राहतं. एमपी४ अशा वेळी बहुधा उघडतच नाही.

खरी डोकेदुखी पावसाची. फ्री डिशचा सिग्नल केयू बँडवर, म्हणजे पावसात कमजोर पडणाऱ्या लहरींवर, येतो आणि जुलै-ऑगस्टमध्ये कोल्हापुरात पाऊस एकदा बसला की तो तुटतोच. चित्रात चौकोन दिसतात तेव्हा बऱ्याचदा आवाजाचीही पॅकेटं गेलेली असतात. एमपी२ फाइलमध्ये कॉपी करताना ही भोकं मिटून जातात : ६० मिनिटांच्या रेकॉर्डिंगचा आवाज ५९ मिनिटं ५१ सेकंद भरतो, अभंगाची ओळ मध्येच उडी मारते. व्हिडिओ बघून जाहिराती कापायच्या वेळा टिपल्या असतील तर त्या पुढे सरकत जातात. यात कन्व्हर्टरचा दोष नाही. वेळा जुळायलाच हव्या असतील तर एफएफएमपेगचा ‘एरीसॅम्पल’ फिल्टर, त्यातलं ‘असिंक’ हे सेटिंग १ वर ठेवून चालवा. तो मोकळ्या जागी शांतता भरतो. मात्र तेव्हा कॉपी चालत नाही, म्हणून आउटपुट न दाबलेल्या वेव्ह फाइलमध्ये घ्या, तासाला सुमारे ६९० एमबी.

गाडीच्या स्टिरिओला एमपी२ बऱ्याचदा चालत नाही. त्यासाठी शेवटी एकदाच एमपी३ करा, १९२ किंवा त्याहून जास्त, ४८,००० हर्ट्झ तसेच ठेवून. आवाजाची पातळी सारखी करायला एफएफएमपेगचा ‘लाउडनॉर्म’ फिल्टर एकाच फेरीत चालवू नका. कीर्तनकार श्वास घ्यायला थांबले की तो मागची पेटी वर उचलतो, ते कानाला फार खटकतं. दोन फेऱ्यांत, आधी मोजून मग लावला, की ठीक.

पैसे भरायच्या डीटीएच बॉक्सची रेकॉर्डिंग सहसा कुलूपबंद असतात, त्यांच्यावर यातलं काही चालणार नाही. आणि आवाजाची लांबी मूळ रेकॉर्डिंगशी ताडून पाहिल्याशिवाय टीएस फाइल पुसू नका.