एअरसेवा: घरात सुतक असताना विमान कंपनीशी भांडायचं तर

नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचं हे तक्रार पोर्टल २०१६ पासून आहे. कामाचं आहे, पण थेट इथे आलात तर उपयोग नाही. आधी कंपनीकडे, मग तिच्या नोडल अधिकाऱ्याकडे (तक्रारींसाठी नेमलेला माणूस) लेखी तक्रार हवी. त्या तक्रारीचा क्रमांक इथे जोडला की हालचाल होते.

खरी चूक त्याआधीच होते. मृत्यूची बातमी कळल्यावर माणसं धावपळीत निघतात आणि आधी काढलेलं तिकीट तसंच राहतं. विमान सुटण्याच्या काही तास आधी ते बदललं किंवा रद्द केलं नाही तर ‘नो-शो’ (प्रवासी आलाच नाही असा शेरा) लागतो, मग दयेची विनंतीही अवघड. जाण्या-येण्याचं तिकीट एकाच पीएनआरवर (आरक्षण क्रमांकावर) असेल तर परतीचा प्रवासही रद्द होऊ शकतो.

मृत्यूच्या कारणास्तव शुल्कमाफी हा हक्क नाही, कंपनीची मर्जी आहे. तारीख बदलताना बदलशुल्क माफ झालं तरी भाड्यातला फरक सहसा भरावा लागतो. महापालिकेचा मृत्यूदाखला यायला वेळ लागतो. तोवर रुग्णालयाचं प्रमाणपत्र किंवा स्मशानाची पावती, आणि नातं दाखवणारं ओळखपत्र पाठवा.

हक्काचं एवढंच: तिकीट ‘नॉन-रिफंडेबल’ असलं तरी विमानतळ शुल्क आणि कर परत मिळतात. रद्द करण्याचं शुल्क मूळ भाडं अधिक इंधन अधिभार यांपेक्षा जास्त नसतं. तक्रारीत रडगाणं नको, या दोन रकमा वेगळ्या मांडा.

पोर्टलचा राग येतो तो एकाच गोष्टीचा: कंपनीचं छापील उत्तर आलं की तक्रार ‘निकाली’. तेव्हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ ला फोन करा, नाहीतर ग्राहक आयोग. आयोगाकडे जायची मुदत २ वर्षं.