प्रवासातली परतफेड: वस्तू न्याव्यात, राबावं की पैसे द्यावेत?

जिथे फिरायला जातो, तिथल्या लोकांसाठी काहीतरी करावं असं अनेकांना मनापासून वाटतं. नेमकं काय करावं, इथे मात्र घोडं अडतं.

वस्तू नेणं सगळ्यांत सोपं. 'पॅक फॉर अ पर्पज' ही संस्था प्रवाशांना बॅगेत ५ पौंडांची, म्हणजे साधारण सव्वादोन किलोंची जागा ठेवायला सांगते. पण काय न्यायचं, ते तिथल्या शाळा-दवाखान्यांच्या गरजांच्या यादीतून निवडायचं असतं. सगळी मदार या यादीवर आहे. वाटेत भेटलेल्या मुलाच्या हातात पेन-चॉकलेट ठेवलं, की ते पुढच्या पर्यटकापुढेही हात पसरतं. जी वस्तू तिथल्या बाजारात मिळते, ती तिथेच विकत घ्यावी. तेवढाच तिथल्या दुकानदाराचा धंदा होतो.

श्रमदानाचा मोह सर्वांत मोठा, आणि जपायलाही इथेच हवं. कंबोडियात २००५ ते २०१० या काळात अनाथालयांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली. युनिसेफच्या पाहणीत तिथल्या चारपैकी तीन मुलांचे आई किंवा वडील हयात निघाले. पर्यटकांच्या देणग्या आणि भेटी हे या वाढीमागचं एक मोठं कारण होतं. दर आठवड्याला नवा ताई-दादा येतो, लळा लावतो, निघून जातो; मुलांनी किती वेळा सोसायचं हे? म्हणून अनाथालयातलं काम नकोच, चार दिवसांचं तर मुळीच नको. भिंत बांधायला जाल तर तिथल्या गवंड्याची मजुरी बुडेल. तुम्ही परिचारिका किंवा हिशेबनीस असाल, महिनाभर राहून तिथल्याच माणसांना शिकवणार असाल, तर गोष्ट वेगळी.

पैसे देण्यात फोटो मिळत नाही, भेटीचा आनंदही नाही. तरीही माझा कौल पैशांनाच, कारण ते कशावर खर्चायचे हे तिथली माणसं ठरवतात. फक्त संस्था निवडताना तिचे वार्षिक हिशेब पाहा, कारभारात स्थानिक लोक आहेत का ते विचारा. राहायला स्थानिक मालकाचं घर आणि फिरायला तिथलाच वाटाड्या घेतलात, तर देणगी न देताही बरंच पोचतं.

आठवडाभराची सहल असेल तर पैसे, आणि यादी मिळाली तर सोबत वस्तू. निघण्याआधी संस्थेला एक ईमेल करा: सध्या काय कमी पडतंय? 'काही नको' असं उत्तर आलं, तर बॅगेतली ती जागा रिकामीच राहू द्या.