थ्री-लिंकचा कागद एका गाडीचा, ब्रॅकेट दुसऱ्याच गाडीला

दगडांवर चालवायच्या गाडीला पुढे थ्री-लिंक सस्पेन्शन (ॲक्सल चासीशी तीन दांड्यांनी, म्हणजे लिंकनी, जोडायची रचना) बसवायचं होतं. पैसे घेतले ते डिझाइनचे, आणि डिझाइन झालेलंच नव्हतं. ही फसवणूक लवकर लक्षात येत नाही. लिंक बसलेल्या दिसतात, रंग चकचकीत असतो, गाडी उंच झालेली असते आणि सपाट रस्त्यावर हळू चालवली तर सरळही चालते. बिंग फुटतं ते पहिल्या जोरदार ब्रेकला, नाहीतर पहिल्या मोठ्या दगडावर.

काम ठरलं होतं ते असं: पुढच्या सॉलिड ॲक्सलचे (दोन्ही चाकं जोडणाऱ्या अखंड आसाचे) कमानपाटे काढायचे, दोन खालच्या लिंक, एक वरची लिंक, पानहार्ड रॉड (ॲक्सलला बाजूला सरकू न देणारा आडवा दांडा) आणि कॉइलओव्हर (स्प्रिंग आणि शॉक ॲब्झॉर्बर एकत्र) बसवायचे. टायर ३५ इंची. खालच्या लिंक २ इंच बाहेरच्या व्यासाच्या, पाव इंच जाडीच्या डीओएम (साच्यातून ओढून काढलेल्या) पाइपच्या. ब्रॅकेट ६ मिमी प्लेटचे, बोल्ट १०.९ ग्रेडचे. सोबत गणिताचा कागदही दिला गेला, त्यावर अँटी-डाइव्ह (ब्रेकला गाडीचं नाक खाली जाणं किती रोखलं जातं), रोल सेंटर (गाडी ज्या बिंदूभोवती बाजूला कलते), इन्स्टंट सेंटर (बाजूने पाहता लिंकच्या रेषा जिथे मिळतात) असे सगळे आकडे छापलेले. रक्कम मात्र ग्राइंडर सुरू होण्याआधीच पूर्ण घेतली गेली.

पहिली चोरी त्या कागदातच होती. त्यावर टायर ४० इंची होता आणि व्हीलबेस (पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर) गाडीवर टेप लावून मोजलेल्यापेक्षा १८० मिमी जास्त. म्हणजे दुसऱ्या कुठल्यातरी गाडीचा हिशेब नाव बदलून दिलेला. त्यात उत्तरं होती, पण ती ज्यावरून काढली ती मापं नव्हती. खऱ्या डिझाइनमध्ये प्रत्येक सांध्याची तीन मापं असतात: जमिनीपासून उंची, ॲक्सलच्या मध्यापासून मागे-पुढे किती, आणि गाडीच्या मध्यरेषेपासून बाजूला किती. तीन लिंक आणि एक पानहार्ड मिळून आठ सांधे, म्हणजे २४ आकडे. हे २४ आकडे आणि गुरुत्वमध्याची धरलेली उंची जो देऊ शकत नाही, त्याने डिझाइन केलेलं नाही. एवढं ठामपणे म्हणायला काहीच हरकत नाही.

आकडे मिळाले तर गाडीवर ताडून बघणं अवघड नसतं. सपाट जमीन, टायरमध्ये नेहमीची हवा, गाडी आपल्या वजनावर उभी. प्रत्येक बोल्टच्या मध्यातून ओळंबा सोडायचा, जमिनीवर खडूने खूण करायची आणि खुणांमधली अंतरं टेपने घ्यायची. ब्रॅकेट नुसते वेल्डचे टाके मारून धरलेले असतानाच हे करायचं. पूर्ण वेल्ड झाल्यावर चूक सापडली तर ती कापण्यात ॲक्सलची नळी आणि चासी दोन्हीचं नुकसान होतं.

या गाडीत सगळ्यात घातक गोष्ट निघाली ती ॲक्सलवरच्या वरच्या आणि खालच्या सांध्यांमधलं उभं अंतर. ढोबळ नियम असा की हे अंतर टायरच्या व्यासाच्या पाव हिस्सा तरी असावं. ३५ इंची टायरला साधारण २२० मिमी. इथे ते होतं १३० मिमी. कारण सरळ आहे. वरचा ब्रॅकेट उंच नेला की तो ऑइल पॅनला किंवा एक्झॉस्टला लागतो, मग जागा काढायला मेहनत पडते. ती टाळली गेली.

याचा परिणाम आकड्यांत बघा. खालचा सांधा जमिनीपासून ३९५ मिमी वर आहे आणि ब्रेकिंगचा जोर ‘फ’ धरला. लिंक जवळपास आडव्या असतील तर वरच्या लिंकवर येणारा ताण म्हणजे ३९५ भागिले उभं अंतर, गुणिले फ. २२० मिमीला तो १.८ फ येतो, १३० मिमीला ३ फ. खालच्या दोन लिंकवर मिळून दाब येतो तो याहून एक फ जास्त, म्हणजे २.८ ऐवजी ४ फ. त्यात थ्री-लिंकमध्ये वरची लिंक एकटीच. तिचा बुश (सांध्यातलं रबर) चेपतो, ॲक्सल स्वतःभोवती फिरतो, ब्रेक मारताना कॅस्टर (चाक ज्या अक्षावर वळतं त्याचा मागचा कल) बदलतो आणि स्टिअरिंग हातात थरथरतं. इथे अलाइनमेंट करून घ्या, टायर बॅलन्स करा, असं सांगून वेळ मारून नेली जाते. अलाइनमेंटने उभं अंतर वाढत नाही.

मग पानहार्ड. तो आणि ड्रॅग लिंक (स्टिअरिंगकडून चाकाकडे जाणारा दांडा) समोरून पाहिल्यावर समांतर हवेत आणि लांबीला शक्य तितके सारखे. इथे दोघांच्या कलात १० अंशांचा फरक होता. ५० मिमीच्या उसळीला दोघांची ॲक्सलकडची टोकं जवळजवळ ९ मिमीने वेगळी सरकतात; स्टिअरिंग आर्म १५० मिमीचा असेल तर चाक सुमारे साडेतीन अंश आपोआप वळतं. तपासायला मोबाइलमधलं कोन मोजायचं ॲप पुरतं, फक्त कोन रॉडच्या अंगावर न घेता दोन्ही टोकांच्या सांध्यांच्या मध्यांना जोडणाऱ्या रेषेचा घ्यायचा. वाकवलेला रॉड इथे हमखास चकवतो.

कॅस्टर २ अंश निघाला. अशा गाडीला ५ ते ७ लागतो. पिनियन (शाफ्टकडून ॲक्सलला जोर देणारा दातेरी दांडा) शाफ्टच्या रेषेत आणायला वरची लिंक लांब केली होती, त्याने पिनियन वर आला आणि कॅस्टर गेला. दोन्ही हवे असतील तर नकल (ॲक्सलच्या टोकांना वेल्ड केलेले, चाक धरणारे भाग) कापून फिरवून पुन्हा वेल्ड करावे लागतात. हे काम ठरवतानाच सांगायला हवं होतं.

आता पाइप. टोकाकडून पाहिलं तर भिंत जाडजूड दिसते, कारण तिथे आट्यांचा बंग (आत आटे असलेली जाड नळकांडी) वेल्ड केलेला असतो. त्यावर विश्वास ठेवू नका, लिंक काट्यावर ठेवा. २ इंची, पाव इंच जाडीचा पाइप मीटरला जवळजवळ ७ किलो भरतो, ३.२ मिमी जाडीचा पावणेचार. ९०० मिमीचा पाइप सव्वासहा किलोच्या आसपास हवा, आणि बंगचं वजन वेगळं. इथली लिंक बंगसकट साडेचार किलोच भरली. वाकण्याविरुद्ध असा पातळ पाइप ठरलेल्याच्या साठ टक्केच कडक असतो, आणि दगडावर पोचा पडला की तेवढाही राहत नाही. वजन बरोबर भरलं तरी डीओएमच आहे असं सिद्ध होत नाही. त्यासाठी बंग बसवण्याआधी पाइपच्या आत बोट फिरवून बघा. आत लांबच्या लांब शिवण हाताला लागली तर तो साधा ईआरडब्ल्यू (पट्टी वळवून शिवणीवर वेल्ड केलेला पाइप). शिवण घासून काढलेलीही असू शकते, म्हणून पाइपच्या खरेदीची पावती मागा.

रॉड एंडचे (लिंकच्या टोकाच्या फिरत्या सांध्याचे) आटे आत किती गेलेत हेही बाहेरून दिसत नाही. जॅम नट (आटे जागी घट्ट धरणारा नट) सैल करून, खूण करून, फेरे मोजत उघडायचं. सव्वा इंची, इंचाला १२ आट्यांच्या रॉड एंडला निदान १५ पूर्ण फेरे हवेत, तेव्हा कुठे व्यासाएवढी पकड होते. एका टोकाचा रॉड एंड सातव्या फेऱ्याला हातात आला. लिंक आधीच कापून ठेवलेल्या होत्या, आणि कमी पडलेली लांबी आट्यांतून ओढून भरून काढली होती.

बोल्टच्या डोक्यावर ८.८ होतं (ठरलेल्या १०.९ पेक्षा कमी ग्रेड), १४ मिमीचा बोल्ट १६ मिमीच्या भोकात, आणि आट्यांचा भाग ब्रॅकेटच्या प्लेटमध्येच. असं भोक लांबट होत जातं आणि पानहार्डच्या जागी तेच पुढचा ॲक्सल थडथडायला लावतं.

वरच्या लिंकचा ब्रॅकेट डिफरन्शियलच्या ओतीव घरावर थेट साध्या वायरने वेल्ड केलेला होता. ओतीव लोखंडाला आधी तापवणं, योग्य इलेक्ट्रोड आणि सावकाश थंड करणं लागतं. नाहीतर भेग वेल्डच्या कडेने, लोखंडातून जाते. डाय पेनिट्रंट (भेगेत शिरणारा लाल रंग) मारल्यावर लाल रेघ स्पष्ट उमटली.

पैसे टप्प्यांत द्या: मापांचा कागद मिळाल्यावर एक हप्ता, टाके मारलेल्या अवस्थेत ताडल्यावर दुसरा, आणि शेवटचा मोठा हप्ता पूर्ण हालचाल पाहिल्यावर. स्प्रिंग काढून ॲक्सल जॅकने बंप स्टॉपपर्यंत (वर जाणं अडवणाऱ्या ठोकळ्यापर्यंत) वर, खाली जाणं रोखणाऱ्या पट्ट्यापर्यंत खाली, मग एक बाजू वर आणि दुसरी खाली. प्रत्येक स्थितीत स्टिअरिंग दोन्ही टोकांना फिरवायचं. ब्रेकची नळी ताणते का, पानहार्ड डिफरन्शियलच्या कव्हरला लागतो का, शाफ्टचा सांधा अडतो का, कॉइलओव्हर बंप स्टॉपच्या आधीच संपतो का, हे समोर उभं राहून बघा.

ज्यांच्या गाडीखाली असं काम आधीच बसलेलं आहे, त्यांनी गाडी रस्त्यावर काढू नये. कॉइलओव्हर आणि चांगले रॉड एंड पुन्हा वापरता येतात. पाइप, बोल्ट, ब्रॅकेट जातात. ॲक्सलची नळी वेल्डच्या उष्णतेने वाकली आहे का, हे दोन्ही नकलमधून सरळ दांडा घालून आधी तपासा. ती वाकलेली असेल तर नवे ब्रॅकेट त्यावर लावण्यात अर्थ नाही.