पिकअपच्या हौद्याचं झाकण: घडवलेलं आणि विकत घेतलेलं, मे ते जानेवारीच्या वापरानंतर

दोन गाड्या, दोन्ही दुहेरी केबिनच्या पिकअप, हौदा जवळपास सारखाच. एका गाडीवर अॅल्युमिनियमच्या पट्ट्यांचं गुंडाळणारं तयार झाकण, दुसऱ्या गाडीवर चौकोनी पाइप आणि एसीपी शीटचं (दोन पातळ अॅल्युमिनियम पत्र्यांमध्ये प्लास्टिकचा थर) घडवून घेतलेलं. काम दोन्हींचं एकच: पंप दुरुस्तीची हत्यारं, केबलची वेटोळी आणि स्टार्टरच्या पेट्या घेऊन पुणे, भोर, मुळशी, सासवड. दिवे घाटातली धूळ, मुळशीचा पाऊस आणि मे महिन्यातलं रस्त्याकडेचं पार्किंग, तिन्ही दोघांनी सारखंच सोसलं.

पैशांचं आधी सांगतो, कारण पहिला प्रश्न तोच येतो. तयार झाकण बसवणुकीसकट ७८ हजारांना पडलं. घडवलेल्याला वेल्डरच्या मजुरीसह १३ हजारांच्या आसपास लागले, शिवाय चुकीचे शॉकर (झाकण वर उचलून धरणारे गॅसचे आधार) आणि चुकीचं रबर यांत साधारण १,६०० गेले. फरक मोठा आहे. पण निर्णय या फरकावर घेऊ नका. निर्णय पाण्यावर घ्या.

झाकण बनवणारा जवळजवळ प्रत्येक जण पाणी अडवायच्या मागे लागतो. रबर, सिलिकॉन, पुन्हा वरून सिलिकॉन. तयार झाकण उघडून नीट पाहिलं तर कळतं की त्याच्या कंपनीने पाणी अडवलेलंच नाही. पट्ट्यांच्या सांध्यांतून आणि कडेच्या रुळांतून थोडं पाणी आत येणार हे धरूनच रुळांत पन्हळ ठेवली आहे, आणि ती पन्हळ कोपऱ्यातल्या चार नळ्यांनी हौद्याखाली रस्त्यावर रिकामी होते. घडवलेल्या झाकणातही हाच विचार केला तर ते पावसाळा काढतं. फक्त रबरावर भरवसा ठेवला तर जुलैच्या पहिल्या झडीतच हौद्यात डबकं साचतं, आणि वर झाकण असल्याने ते वाळतही नाही.

आता घडवण्याचं. माप हौद्याच्या कडांच्या बाहेरून बाहेरपर्यंत घ्यायचं. इथे लांबी १५२० मिमी, रुंदी १५८० मिमी. चौकटीला २५ बाय २५ मिमीचा, १.६ मिमी जाडीचा चौरस पाइप. सहा मीटरच्या दोन लांब्या पुरतात: आडवे चार (पुढचा, मागचा आणि मधले दोन), लांबीचे दोन, आणि उरलेल्या तुकड्यांतून मधल्या कण्याचे तीन. मीटरला साधारण १.१५ किलो, म्हणजे चौकट साडेबारा किलोची होते. याहून जाड पाइप घेऊ नका. वेल्डर २ मिमीचा आग्रह धरतो, कारण त्याला पातळ पाइपला भोक पडण्याची धास्ती असते. त्यावर उपाय जाड पाइप हा नाही. २ मिमीची ६०१३ नंबरची वेल्डिंग काडी घ्या आणि करंट ५०-५५ अँपिअरवर ठेवा. अडीचची काडी १.६ च्या पाइपला जाळते.

झाकण सपाट करू नका. चारही आडव्या पाइपांना मधोमध तळाच्या बाजूने ग्राइंडरने चीर द्या. खालची आणि दोन्ही बाजूंच्या भिंती कापायच्या, वरची शाबूत ठेवायची. चीर दीड मिमी रुंद हवी. चाक एक मिमीचं असेल तर दोनदा फिरवा. मग चीर मिटेपर्यंत पाइप वाकवा आणि वेल्ड करा. मधोमध साधारण २४ मिमीचा उठाव मिळतो. दिसायला नगण्य, पण पाणी दोन्ही बाजूंना धावायला तेवढा पुरतो. कौलारू घराचा आढा असतो तसंच हे. शीटचा सांधाही बरोबर आढ्यावरच येतो, त्यामुळे सांध्यावर पाणी थांबत नाही, तिथून दोन्हीकडे पळतं. पहिल्यांदा घडवणारे उतार पुढून मागे देतात. तो चुकीचा आहे. सगळं पाणी मागच्या फाळक्याच्या, म्हणजे हौद्याच्या मागच्या दाराच्या, फटीवर ओतलं जातं, आणि हौद्यातली सर्वांत कमकुवत जागा तीच.

वेल्डिंगआधी चौकट गुण्यात (काटकोनात) आहे का, हे दोन्ही कर्ण मोजून पाहा. फरक २ मिमीच्या आत हवा. सगळीकडे आधी टाके (वेल्डचे छोटे ठिपके) मारा, मग समोरासमोरचे कोपरे आलटून पालटून भरा. एका बाजूने सलग भरत गेलं तर चौकट पिळते, आणि पिळलेली चौकट एका कोपऱ्यात रबरावर टेकतच नाही. पाइपची टोकं बंद करा, पण खालच्या बाजूला प्रत्येक पाइपला ५ मिमीचं एक भोक ठेवा. आत गेलेल्या ओलाव्याला वाट नसेल तर गंज आतून धरतो आणि बाहेरचा रंग वर्षभर चांगलाच दिसत राहतो. रेड ऑक्साइड प्रायमरचे दोन हात, वर इनॅमल. वेल्डच्या जागा कानशीने साफ केल्याशिवाय रंग धरत नाही, पोपडे तिथूनच सुटतात.

वरचं शीट ३ मिमी एसीपी, बाहेरच्या दर्जाचं. माप १० बाय ४ फूटच मागा. ८ बाय ४ मधून १५२० बाय ७९० चा एकच तुकडा निघतो आणि दुसरं शीट घ्यावं लागतं. १० फुटी शीटमधून दोन्ही तुकडे बरोबर निघतात, खाली ४३० मिमीची पट्टी उरते आणि तीही लागते. पुढे-मागे मधल्या उठावाखाली जी त्रिकोणी फट राहते ती या पट्टीने बंद करायची.

रिव्हेट ४.८ मिमीचे, रुंद टोपीचे, दर १५० मिमीवर एक. एकूण ६५ धरा. पण शीटमधलं भोक साडेसहा मिमीचं पाडा, चौकटीतलं मात्र ४.९ चं. अॅल्युमिनियम उन्हात लोखंडाच्या जवळपास दुप्पट वाढतं. दीड मीटर लांबीवर तापमानात ४० अंशांचा फरक पडला तर शीट १.४ मिमी वाढतं आणि चौकट ०.७ मिमी. एवढ्याशा फरकाला हलायला जागा नसेल तर शीट मध्ये फुगतं, संध्याकाळी टक टक आवाज करत बसतं आणि सीलंट फाटतं. चौकट आणि शीटच्या मध्ये फोमची दुतर्फा चिकटपट्टी हवीच. ओल्या अॅल्युमिनियमचा लोखंडाशी थेट स्पर्श झाला की अॅल्युमिनियम खायला लागतं, पांढरी पूड दिसते.

सीलंट घेताना वास घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास असेल तर ते सिलिकॉन धातूला लावायचं नाही, गंज धरतो. न्यूट्रल सिलिकॉन किंवा पीयू (पॉलियुरेथेन) सीलंट मागा. आढ्यावर ५० मिमीची अॅल्युमिनियम पट्टी, खाली सीलंटची सलग रेघ. दोन्ही बाजूंच्या कडांना २५ मिमीचा अॅल्युमिनियम अँगल लावा, एक पाख खाली लोंबता. पागोळी हौद्याच्या भिंतीबाहेर पडते ती या अँगलमुळे. एसीपीची कापलेली कडही त्याखाली झाकली जाते. ती उघडी राहिली तर थरांत पाणी शिरून कड उकलते. आणि शीटवरची प्लास्टिकची फिल्म त्याच दिवशी काढा. महिनाभर ऊन खाल्लं की ती नखाने खरवडावी लागते.

रबर भवानी पेठ, नाना पेठ कुठेही मिळतं, पण नेमकं सांगून घ्या: ईपीडीएमचं (ऊन-पाण्यात टिकणारं कृत्रिम रबर), पोकळ गोल फुगा असलेलं, दाराला असतं तसं. फुगा १२ मिमीचा असेल तर बंद झाल्यावर तो ८ मिमीपर्यंत दबला पाहिजे. त्याहून जास्त दाबलं तर झाकण बंद करायला दोन माणसं लागतात आणि तीन महिन्यांत रबर चपटं होतं. दुकानात स्वस्त स्पंजची पट्टीही दाखवतात. ती पाणी शोषते आणि आठवडाभर ओली राहते, घेऊ नका. आठ मीटर पुरतं. जोड कोपऱ्यात आणू नका.

फाळक्याच्या तळाला मात्र रबर लावायचं नाही. हौद्याच्या तळाची कंपनीची भोकंही बुजवायची नाहीत. पाणी येणारच, त्याला जायला हीच वाट आहे.

बिजागऱ्या केबिनच्या बाजूला, तीन. शॉकर निवडताना अंदाज चालत नाही. झाकण रबर-अँगलसह २६ किलो भरलं, गुरुत्वमध्य बिजागरीपासून ०.७६ मीटरवर. म्हणजे २६ गुणिले ९.८१ गुणिले ०.७६, सुमारे १९४ न्यूटन-मीटर. शॉकरच्या जोडणीमुळे प्रत्येकाला साधारण पाव मीटरचा हात मिळतो, म्हणून दोघांवर मिळून ७७६ न्यूटन. ३५० ची जोडी बसवली तेव्हा झाकण अर्ध्यावरून हळूहळू खाली येत होतं. ४५० ची जोडी बरोबर बसली. वर थोडी शिल्लक लागतेच, कारण गॅसचा दाब दर १० अंशांना साडेतीन टक्क्यांच्या आसपास घटतो आणि डिसेंबरच्या पहाटे ते जाणवतं. झाकण बंद असताना दांडा खालच्या बाजूला राहील असे बसवा. त्याने आतलं तेल सीलपाशी राहतं आणि शॉकर टिकतो.

बिजागऱ्यांचा आणि शॉकरचा आधार हौद्याला भोकं न पाडता बसवा. कडेच्या आतल्या पाखेला पकडणारे शिकंजे, खाली रबराची गादी, एकूण सहा. पहिल्या ५०० किलोमीटरनंतर सगळे पुन्हा आवळावे लागले, त्यानंतर फक्त दोन. स्प्रिंग वायसर विसरू नका.

पावसाळ्यात काय झालं? तयार झाकणाने जून-जुलैमध्ये थेंब आत येऊ दिला नाही. ऑगस्टमध्ये केबिनकडच्या कोपऱ्यातून अचानक धार लागली. कारण झाडाखालचं पार्किंग. गुलमोहराची बारीक पानं नळीत जाऊन बसली होती. हवेचा झोत मारला, पाच मिनिटांचं काम. पण हे दर पंधरा दिवसांनी करायचं असतं आणि विकणारा ते सांगत नाही. रुळांना ग्रीस लावू नये, धूळ धरून त्याची पेस्ट होते. कोरडा सिलिकॉन स्प्रे पुरतो. आणखी एक उणीव: गुंडाळी राहते तो डबा पुढच्या बाजूला जवळजवळ फूटभर जागा खातो. पाच फुटांच्या हौद्यात ती जागा खटकते. केबलचं मोठं वेटोळं डब्याखाली सरकत नाही, सरळ मागे ठेवावं लागतं.

घडवलेल्यातून पहिल्या महिन्यात पाणी आलं ते वरून नव्हे, फाळक्याच्या दोन्ही उभ्या फटींतून. तिथे रबर लावल्यावर थांबलं. ताम्हिणीच्या बाजूला दिवसभर पावसात उभी राहिली तरी तळ फक्त दमट होता. एका जागी सीलंट सुटलं, आणि तिथे रिव्हेटचं भोक घाईत लहानच ठेवलं गेलं होतं.

धुळीच्या बाबतीत मात्र दोन्ही झाकणं सारखीच हरली. चालत्या गाडीच्या मागे हवेचा दाब कमी होतो आणि फाळक्याच्या फटींतून धूळ आत ओढली जाते. पुढची बाजू जितकी घट्ट बंद, तितकी ही ओढ जास्त. घडवलेल्यात केबिनकडच्या त्रिकोणी पट्टीला वरून झाकलेली एक छोटी जाळीदार खिडकी ठेवली, तेव्हा आतल्या धुळीत स्पष्ट फरक पडला. तयार झाकणात असा बदल करता येत नाही.

कुलूप दोन्हीकडे झाकणाला आहे, पण फाळक्याला कुलूप नसेल तर त्याला काही अर्थ नाही. आधी फाळक्याचं कुलूप बघा. वर उभं राहायचं असेल तर एसीपीचा विचारच सोडा. हाताचा दाब, वरची बॅग इथपर्यंत ठीक.

मार्केट यार्डात माल नेणाऱ्यांना दोन्हींपैकी काहीच कामाचं नाही. भाजीचा क्रेट साधारण २९ सेंमी उंच असतो. हौद्याची खोली ४७ सेंमी, म्हणजे सपाट झाकणाखाली एकच थर बसतो. त्यांनी लोखंडी कमानी आणि ६०० जीएसएमच्या (चौरस मीटरला ग्रॅम) आसपासची पीव्हीसी ताडपत्री घ्यावी, दर फुटाला आयलेट (दोरी ओवायची धातूची कडी), रबरी दोरी. २५० जीएसएमची स्वस्त निळी ताडपत्री एक्स्प्रेसवेवर फडफडून एका मोसमात आयलेटपाशी फाटते.

मोटार वाहन कायदा १९८८ चं कलम ५२ वाचून घ्या. नोंदणी पुस्तकातल्या तपशिलाशी न जुळणारा बदल करता येत नाही. काढता येणारं, हौद्याच्या मापाबाहेर न जाणारं, नंबरप्लेट आणि मागचे दिवे न झाकणारं झाकण वेगळं आणि हौद्यावर कायमची वेल्ड केलेली उंच पेटी वेगळी. दुसरं करायचं असेल तर आधी आरटीओत विचारा आणि विमा कंपनीला लेखी कळवा. झाकणाचं वजनही गाडीच्या भारक्षमतेतूनच वजा होतं.

आज जानेवारीत घडवलेल्याच्या चौकटीवर दोन वेल्डपाशी गंजाचे ठिपके आहेत. ते घासून पुन्हा रेड ऑक्साइड लावायचं काम मार्चपूर्वी उरकायचं आहे. तयार झाकणाच्या पट्ट्यांवर ओरखडे आहेत, गंज नाही. दिवसातून वीसदा हौदा उघडणाऱ्याने तयार घ्यावं, एका हाताने अर्धं उघडून थांबवता येतं. दोन-चारदा उघडणाऱ्याने आणि ज्याचा वेल्डर गुण्या वापरतो त्याने घडवावं. पुढच्या गाडीसाठी इथे घडवलेलंच ठरलं आहे, फक्त यावेळी चौकट अॅल्युमिनियमची, म्हणजे शीट आणि चौकट एकाच मापाने वाढतील आणि शॉकरही हलके चालतील.