अभिक्रियांची कार्डं की बाणांचा सराव?

सेंद्रिय रसायनशास्त्र शिकायच्या दोन वाटा: अभिक्रिया कार्डांवरून पाठ करणं, किंवा इलेक्ट्रॉन कुठून कुठे जातात ते वक्र बाणांनी काढून पाहणं. कार्डं झटपट होतात: पुढे अभिक्रियाकारक, मागे उत्पादित. पीसीसी (पिरिडिनियम क्लोरोक्रोमेट, एक सौम्य ऑक्सिडीकारक) प्राथमिक अल्कोहोलला आल्डिहाइडवर थांबवतं, पोटॅशियम परमँगनेट थेट कार्बॉक्झिलिक आम्लापर्यंत नेतं. असल्या जोड्यांना कार्डच बरं.

पण ‘अल्किल हॅलाइड अधिक हायड्रॉक्साइड म्हणजे अल्कोहोल’ हे कार्ड दगा देतं. ब्रोमोमिथेनला ते लागू पडतं. २-ब्रोमो-२-मिथिलप्रोपेनमध्ये मात्र तीन मिथिल गटांच्या गर्दीमुळे हायड्रॉक्साइडला मागून शिरायला वाटच नसते. तो शेजारच्या कार्बनवरचा हायड्रोजन ओढतो आणि मुख्यतः २-मिथिलप्रोपीन मिळतं. बाण काढतानाच हे दिसतं. बाण इलेक्ट्रॉनच्या जोडीपासून निघायला हवा. नवशिक्यांचा हमखास प्रोटॉनपासून, म्हणजे त्या हायड्रोजनपासून, निघतो, आणि तिथेच गाडी घसरते.

बाणांना वेळ जास्त लागतो, कबूल. तरी उत्तर झाकून, कोऱ्या कागदावर आधी बाणच.